शून्य सेकंदांच्या फायली

"पावणेदोन जीबीच्या फाइलमध्ये शून्य सेकंद कसे मावतात गं?" शेजारच्या टेबलावरची टेस्टर म्हणाली, तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. तिचं कामच ते. मी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या, आणि शक्यतो जेवताना सांगायच्या. आमच्या ऑफिसात एका तंत्रशिक्षण संस्थेची जुनी व्याख्यानं येतात, हजारोंनी, आणि प्रत्येक व्हिडिओ किती लांबीचा आहे ते काढून यादीत भरायचं काम माझ्या कोडकडे आहे. "फाइल उघडली नाही तर तो शून्य देतो," मी म्हणाले. "उघडली नाही म्हणजे शून्य?" "म्हणजे रिकामी असणार. नाहीतर खराब." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "माझ्या सासूबाई कधीकधी फोन उचलत नाहीत. मग त्या नाहीतच असं धरून चालू का? मला चालेल. पण तसं नसतं ना." मी हसले. तिने ती फाइल सकाळीच दुरुस्त करून ठेवली होती. त्यात एक गृहस्थ फळ्यावर कॉम्प्रेसरची आकृती काढत होते, मध्ये एकदा त्यांचा खडू मोडला, त्यांनी वाकून तुकडा उचलला आणि त्याच तुकड्याने पुढे लिहू लागले. बावन्न मिनिटं. शेवटी वर्गातली वीज गेली होती आणि कॅमेरा मध्येच बंद पडला होता, एवढंच. "फक्त शेपूट तुटलंय," टेस्टर म्हणाली, "आणि तू अख्खं जनावर मेलं म्हणून लिहून टाकलंस."

मी फंक्शन उघडलं. सहा ओळींचं. बदल अर्ध्या मिनिटाचा होता, शून्याच्या जागी 'माहीत नाही' लिहायचं आणि अशा फायलींची वेगळी यादी करायची. कर्सर त्या ओळीवर नेला आणि वर नजर गेली. वर मीच टाकलेली तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची, एका रविवारची. रविवारी मी ऑफिसचं काम करत नाही. तीन वर्षांपूर्वी तर मी या ऑफिसात नव्हतेच. हे फंक्शन मी घरून आणलं होतं. कोड कुणी नव्याने लिहीत नाही; एकदा चाललेला कोड विरजणासारखा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जात राहतो, आणि पहिलं भांडं कुठलं होतं हे विसरायला होतं. मला मात्र ते तारखेसरशी आठवलं. नेमकं काय झालंय हे शब्दांत मांडायला मात्र डोक्याने बराच वेळ घेतला. समोर डबा उघडा होता. टेस्टर म्हणाली, "अगं, एवढी काही मोठी चूक नाही ती. तोंड काय असं केलंस?" मी म्हणाले, काही नाही, तिखट लागलं. अजून मी एकही घास घेतला नव्हता.

व्हिडिओची लांबी काढणं हे तसं भागाकाराचं काम आहे. फाइलच्या पोटात चित्रं आणि आवाज भरलेले असतात, आणि त्याखेरीज एक छोटी अनुक्रमणिका असते. तिच्यात दोन आकडे असतात. एका सेकंदाचे किती भाग धरले आहेत, आणि सगळे मिळून असे किती भाग झाले. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की लांबी मिळते. चित्रं बघावी लागत नाहीत, आवाज ऐकावा लागत नाही. मला याचं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं, की वीस मिनिटांची फाइल किती लांब आहे हे वीस मिनिटं न घालवता कळतं. फक्त ही अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे शेवटी लिहितात, थांबायचं बटण दाबल्यावर. पुस्तक छापून झाल्याशिवाय पानांचे आकडे कसे देणार, तसंच. बटण न दाबता कॅमेऱ्याचा प्राणच काढून घेतला, तर पोट भरलेलं राहतं आणि अनुक्रमणिका नसते. मग भागाकार करायला काही नसतं. त्या रविवारी माझा कोड अशा एका फाइलपाशी अडून बसला, लाल अक्षरांत तक्रार केली, आणि बेरीज अडू नये म्हणून मी दोन ओळी वाढवल्या. उघडली नाही तर शून्य दे. पुढे जा.

बेरीज बाबांच्या सरावाची होती. त्याआधी तीन महिने त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात गेला, पाय नंतर बराच परत आला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. वर्तमानपत्रातली चित्रं बघून हसायचे, आईने भाजीत मीठ विसरलं की ताट सरकवायचे. पण बोलायला गेलं की ओठांशी येऊन सगळं थांबायचं, आणि बाहेर एकच शब्द पडायचा, "नाही." हो म्हणायचं असलं तरी नाही, पाणी हवं असलं तरी नाही. वाचा-उपचार केंद्रातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं, त्यांच्या शब्दाकडे लक्ष देऊ नका, मानेकडे आणि डोळ्यांकडे बघा. केंद्रात जागा थोड्या आणि माणसं फार. म्हणून अट होती. घरी रोज वीस मिनिटं सराव, आठवड्याला निदान शंभर मिनिटं, आणि तो सराव मोबाइलवर चित्रित करायचा. आठ आठवड्यांनी आढावा घ्यायचा. जो करत नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. "अन्याय वाटेल तुम्हाला," मॅडम म्हणाल्या, "पण पहिल्या वर्षात जेवढं परत येतं तेवढं नंतर येत नाही. बाहेर बसलेल्यांचंही पहिलंच वर्ष चालू आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सायन्सवाल्या ना? मग मिनिटांचा तक्ता तुम्हीच करून आणा. एवढे व्हिडिओ बघत बसायला मला वेळ नाही."

मला ती जबाबदारी आवडली होती, हे आधी कबूल करायला हवं. नुकतीच पदवी हातात आली होती, नोकरी नव्हती, आणि घरात जे चाललं होतं त्यात माझा काही उपयोग नव्हता. बाबांना उठवायचं, कपडे घालायचे, हे आई करायची. मी मध्ये आले की तिची लय बिघडायची. तक्ता माझा होता. जुना मोबाइल मी स्टँडवर बसवला, जागा पुरावी म्हणून चित्राची प्रत सगळ्यांत खालची ठेवली, बाबांना लाल बटण दाखवलं. इथे दाबलं की सुरू, इथेच दाबलं की बंद. त्यांनी डाव्या अंगठ्याने दाबून दाखवलं. सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बंद करून दाखवा, असं मी म्हणाले नाही. ज्याला सुरू करता येतं त्याला बंद करता येतंच, असं मी धरलं. आता वाटतं, डावा अंगठा कधी न वापरलेला माणूस पडद्यावर टेकवतो तेव्हा जोर लावून धरून ठेवतो, आणि तसं धरून ठेवलेलं त्या पडद्याला कळत नसे. पहिल्या वेळी नशिबाने कळलं. पुढे सुरू करताना दहादा दाबून एकदा कळत असेल, पण वीस मिनिटांनी थकलेल्या अंगठ्याचं कळलं नसेल. मग त्यांनी काय केलं असेल, तर जे त्यांनी चौतीस वर्षं कारखान्यात पाहिलं तेच. यंत्र ऐकत नसेल तर मुख्य बटण. मोबाइलच्या कडेचं बटण, स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरलेलं. रोज.

कारखान्यात ते टाइमकीपर होते. दारापाशी काचेची खोली, कामगारांची कार्डं, कार्डांवर वेळेचे ठसे. लहानपणी मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. त्यांनी माझं नाव शंकासुर ठेवलं होतं, फोनवरही विचारायचे, "शंकासुर जेवला का?" तिथली एक गोष्ट मला पक्की आठवते. दिवस संपल्यावर एका कार्डावर ठसाच नव्हता. मी म्हणाले, म्हणजे हा आलाच नाही. बाबा म्हणाले, "कार्डावर ठसा नाही, एवढंच आपल्याला दिसतंय. माणूस आला की नाही ते खात्यात जाऊन बघायचं." आणि सगळं आवार ओलांडून ते खरंच बघायला गेले, काठी टेकत चालावं तसे सावकाश, कारण त्यांचा गुडघा तेव्हाही दुखायचा. माणूस यंत्रापाशी होता. मशीनची शाई संपली होती. कॉलेजातही पहिल्या वर्षी आम्हाला हेच शिकवलं, न घेतलेल्या वाचनाच्या जागी शून्य लिहायचं नाही, आडवी रेघ मारायची. माझ्या प्रयोगवहीत अशा रेघा आहेत. पट्टीने मारलेल्या, नीटनेटक्या.

दर रविवारी मी मोबाइल लॅपटॉपला जोडायचे, फायली उतरवून घ्यायचे आणि कोड चालवायचे. पहिल्या आठवड्यात अकरा मिनिटं. मग सात. नऊ, चार, सहा. ज्या शून्य निघत त्यांना कोड आपणहून एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा, त्या फोल्डरला मी नाव दिलं होतं 'रिकाम्या'. आता टेबलावरून उठून ऑफिसच्या जिन्यात वर-खाली करत मी एक एक गोष्ट आठवत होते आणि प्रत्येक गोष्ट खिशातून पडलेल्या किल्लीसारखी वाजत होती. फायली उतरायला पाऊण तास लागायचा. अकरा मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास. मी वायरीला दोष दिला, आंघोळीला गेले, केस वाळवले, परत आले तरी ती हिरवी पट्टी सरकतच असायची. मोबाइल कायम बंद मिळायचा, पार मेलेला, आणि मला वाटायचं की सराव टाळायला ते बंद करून ठेवतात. रोज दहाच्या सुमारास ते आतल्या खोलीत जायचे, दार लोटायचे, पंखा पाचावर करायचे. थंडीतही. कुणी ऐकू नये म्हणून असेल, हे मला आत्ता सुचलं, चार मजले खाली उतरून पुन्हा दोन चढल्यावर. आईने तर सांगितलंही होतं. "अगं, हे आत काहीतरी बडबडत असतात. मला ऐकू येतं." मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतं, कारण तेव्हा मला ते वाक्य जमल्यासारखं वाटलं होतं. "आई, तुला वाटतं. मोबाइलला वाटत नाही." तिने पुढे वाद घातला नाही. शिकलेल्या मुलीशी काय बोलायचं, अशा वेळी ती पदराला हात पुसते, तसे पुसले.

जी मिनिटं मोजली गेली ती आई खोलीत असलेल्या दिवसांची होती. ती शेजारी बसायची, त्यांना तिच्यासमोर लाज वाटायची, चार-पाच मिनिटांत ते मान फिरवायचे आणि ती लाल बटण दाबायची. म्हणजे त्यांनी ज्या दिवशी केलं नाही तेवढंच माझ्या तक्त्यात होतं. आठव्या आठवड्यानंतर मी तो तक्ता छापून नेला, आलेखही काढला होता, शंभराची रेघ वर आणि आमचे खांब तळाशी. मॅडमनी बराच वेळ बघितला. "काका, जमत नाहीये का?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "नाही." मग मान हलवली, उभी, म्हणजे होकाराची. मॅडमची नजर कागदावर होती. माझी बाबांवर होती, मी ती मान बघितली, आणि तरी म्हणाले, "बाबा, तुम्ही करत नाही. आकडे आहेत माझ्याकडे." त्यांनी तोंड उघडलं. त, त, असा आवाज आला. डाव्या हाताने त्यांनी पिशवीकडे दाखवलं, जिच्यात मोबाइल होता. मग तो हात हवेत तसाच राहिला आणि सावकाश मांडीवर आला. मी त्याचा अर्थ लावला की बाबांनी हार मानली. मॅडम म्हणाल्या, "माणूस तयार नसेल तर आपण ओढून नेऊ शकत नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." बाहेर एक बाई आपल्या नवऱ्याचे बूट नीट करत बसली होती. पुढच्या आठवड्यापासून आमची वेळ त्यांची झाली.

जिन्यातून मी केंद्रात फोन लावला. मॅडम अजून तिथेच होत्या. मला वाटलं होतं की त्यांना आठवणार नाही, पण मी टाइमकीपर म्हणताच त्यांना आठवलं. मी सगळं सांगितलं, अनुक्रमणिका, कडेचं बटण, शून्य. पलीकडे कुठलंसं दार लावल्याचा आवाज आला. "किती होती खरी?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अजून पाहिलं नाही, पण फायली जुन्या लॅपटॉपवर आहेत. "मीपण तो मोबाइल एकदा हातात घेऊन बघायला हवा होता," त्या म्हणाल्या. "तुमचा आलेख फार सुबक होता." चिडून म्हणाल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, आता जागा मिळेल का. "यादी चौदा महिन्यांची आहे. नाव घालते. पण तीन वर्षं झाली आहेत. थोडं येईल, नाही असं नाही. ते पहिलं वर्ष मी कुठून आणू?" आणि मग, "नाव घालायच्या आधी काकांना विचारा. या वेळी त्यांना विचारा." मी हो म्हणाले. टेस्टरला सांगितलं, डोकं दुखतंय, जाते. ती म्हणाली, "जा बाई, शून्याचं मी बघते."

जुना लॅपटॉप कपाटाच्या वर होता. शनिवारी सकाळी मी तो खाली काढला, आई म्हणाली, "आज एवढ्या लवकर कशाला धूळ उडवतेस," आणि बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. आता ते दिवसभर तिथेच बसतात. समोरच्या इमारतीत कुणाची गाडी कधी गेली, कधी आली, हे त्यांना माहीत असतं असं मला वाटतं. 'रिकाम्या' तसंच होतं. त्रेपन्न फायली. त्यांची लांबी कुणी सांगणार नव्हतं, पण आकारावरून अंदाज करता येतो, आणि हे मला तीन वर्षांपूर्वीही येत होतं, दहावीतल्या मुलालाही येईल. आईने थांबवलेल्या धड फायलींत एका मिनिटाला वीस एमबी लागले होते. 'रिकाम्या' फोल्डर एकवीस हजार सहाशे एमबीचा होता. एक हजार ऐंशी मिनिटं. अठरा तास. मी भागाकार तीनदा केला. मग एकेका फाइलचा केला, तर प्रत्येकाचं उत्तर जवळजवळ एकच येत होतं. वीस मिनिटं, काही सेकंद वर. एकोणीस कुठेच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी वेळ पाळली होती. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पाळली तशी. चव्वेचाळीस फायली आढाव्याच्या आधीच्या होत्या, म्हणजे आठवड्याला शंभराहून बऱ्याच वर. उरलेल्या नऊ आढाव्याच्या नंतरच्या.

त्या नऊ कशा आल्या ते मला कळेना. तेव्हा सराव संपला होता, जागा गेली होती. मग आठवलं, पुढे मी तो मोबाइल कुणालातरी देऊन टाकला, त्याआधी त्यातलं सगळं उतरवून घेतलं, कोड आपोआप चालला असणार. बंद पडलेली फाइल दुरुस्त करायला त्याच मोबाइलची एक धड फाइल लागते. तिची अनुक्रमणिका कशी आहे ते बघून ही नवी बांधायची. धड फायली आईच्या होत्या. तिच्या चार मिनिटांवरून मी त्यांची वीस मिनिटं बांधली. त्या नऊपैकी पहिली उघडली. बाबा तीन वर्षांनी तरुण, दाढी वाढलेली, मागे पंखा घरघरतोय. त्यांच्या मांडीवर केंद्रातून आणलेली चित्रांची कार्डं होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. कॅमेऱ्याकडे बघितलं. "म," ते म्हणाले. "म. म. नाही." डावी मूठ गुडघ्यावर. "मी. मी. नाही. नाही." मी सरकपट्टी पुढे ओढली, सातव्या मिनिटाला, चौदाव्या. तेच. दुसऱ्या दिवशीची उघडली. "मी. क. मी क." चौथ्या दिवशी "मी कर" आणि मग बराच वेळ नुसता पंखा. सहाव्या दिवशी मध्येच उठून त्यांनी पंखा बंद केला, बहुधा स्वतःला ऐकू यावं म्हणून, आणि त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. कार्डांवर असं वाक्य नव्हतं. कुणी त्यांना दिलं नव्हतं. नवव्या दिवशी अठराव्या मिनिटाला ते म्हणाले, तुटक, पण शब्द सुटे सुटे, "मी. रोज. करतो." आणि दचकले. मागे कुणी बोललं की काय अशी मान वळवली. मग पुन्हा म्हणाले. एकूण तीनदा. मग कडेच्या बटणाकडे हात आला आणि चित्र थांबलं.

त्या तारखेला मी घरी होते का, हे मी काढायचा प्रयत्न केला. मला एक चित्र दिसतं. मी माझ्या टेबलाशी, कानात हेडफोन, पडद्यावर नोकरीची मुलाखत, आणि दारात बाबा चौकट धरून उभे. तोंड उघडलेलं. मी त्यांच्याकडे बघून एक बोट वर करते, एक मिनिट. मुलाखत संपवून वळते तेव्हा दार रिकामं. हे खरंच झालं का मला सांगता येत नाही. मुलाखत झाली होती, तारीख जवळपास तीच, पण चौकट, हात, उघडं तोंड हे मी शुक्रवारी जिन्यात बनवलं असण्याची शक्यता आहे. आठवणीला तारखेचा ठसा नसतो. मी प्रामाणिकपणे रेघ मारू शकते, माहीत नाही म्हणून, आणि त्याने काही हलकं होत नाही, कारण ते दारात आले असोत वा नसोत, नऊ दिवस ते ज्या वाक्यासाठी बसले ते माझ्यासाठी होतं, आणि दहाव्या दिवसापासून ते कधी बसले नाहीत.

मी लॅपटॉप उचलून बाहेर नेला. आई मटार सोलत होती. बाबांच्या समोर छोटं टेबल ओढलं, खाली बसले, त्यांच्या गुडघ्याच्या उंचीला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ते सगळं अनुक्रमणिकेबद्दल होतं. "बाबा," मी म्हणाले, "तुम्ही रोज करत होता." आईचे हात थांबले. "वीस मिनिटं, रोज. माझ्या मोजण्यात चूक होती. तुम्ही केलेलं मी शून्य धरलं. मॅडमना मी खोटं सांगितलं, तुमच्यासमोर." ते माझ्याकडे बघत होते. आई हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं." मग तीच म्हणाली, "जाऊ दे, आता काय त्याचं." मी म्हणाले, "जाऊ कसं दे? केंद्रात पुन्हा नाव घालता येतं बाबा. चौदा महिने थांबावं लागेल. घालू का?" त्यांनी मान हलवली नाही, ना आडवी ना उभी. लॅपटॉपकडे बोट केलं.

मी त्या नऊपैकी नववी फाइल लावली, सरकपट्टी सतराव्या मिनिटाला नेली, म्हणजे लगेच ते वाक्य येईल. त्यांना ते ऐकवायचं होतं मला, त्यांचंच त्यांना, की बघा, जमलं होतं. ते वाक्य आलं. आईने तोंडावर हात धरला. बाबांनी एकदा ऐकलं आणि डाव्या हाताने माझा हात पॅडवरून बाजूला केला. जोर होता त्या हातात. पडद्यावरच्या यादीवर बोट ठेवून ते वर नेलं, वर, अगदी वरच्या नावापर्यंत, आणि तिथे टकटक केलं. पहिली फाइल. आढाव्याच्याही आधीची, पहिल्या दिवसाची. "ती अजून बांधली नाहीये बाबा," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा टकटक केलं. मी ती बांधायला लावली, तीन मिनिटं लागली. मग ती सुरू झाली. एक कार्ड, त्यावर कपाचं चित्र. "नाही," पडद्यावरचे बाबा म्हणाले. पुन्हा कार्ड. "नाही." सवयीने माझं बोट सरकपट्टीकडे गेलं, आणि खिडकीशी बसलेल्या बाबांनी त्यावर आपला तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. कप. नाही. कप. पंखा. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आज बाबांनी तिकडे बघितलं नाही. चौथ्या मिनिटाला माझा पाय आखडला. नवव्या मिनिटाला आई मटाराचं भांडं घेऊन आमच्या शेजारी येऊन बसली. वीस मिनिटं संपली, पडद्यावरचा हात कडेच्या बटणाकडे आला, चित्र थांबलं. बाबांनी तळवा उचलला आणि बोट दुसऱ्या नावावर ठेवलं. अजून सतरा तास चाळीस मिनिटं होती. मी उठले, आतून खुर्ची आणली, आणि त्यांच्या बाजूला लावून बसले.